आजोबांच्या डब्यातली नाणी: संग्रह सुरू करायचा तर कुठून?

घाटावरचा

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात वाईचं जुनं घर आवरताना माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आजोबांचा. आत सव्वाशे-दीडशे नाणी. वरवर वाटणी केली ती अशी: चांदीचे तीन रुपये (१९०७, १९१८, १९४४), मूठभर भोकाचे पैसे, चौकोनी चवल्या, 'नये पैसे' लिहिलेली बरीच, ॲल्युमिनियमची हलकी एक-दोन-तीन पैशांची. शिवाय एक जाड, वेडंवाकडं तांब्याचं नाणं आहे, त्यावर देवनागरी अक्षरं दिसतात पण लागत नाहीत. आणि एक मोठं पिवळं, एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८'. धाकटा भाऊ म्हणतो या एका नाण्यावर घराचं छप्पर नवं होईल. त्याने व्हिडिओ पाहिलाय.

मला विकायचं नाही. उलट हे बघता बघता नाद लागेल असं वाटतंय. पण मला यातलं ओ की ठो कळत नाही. काय वाचू, काय विकत घेऊ, कुठे ठेवू?

एक कबुलीही देतो. १९०७चा रुपया काळाठिक्कर होता, तो चिंच लावून घासला. आता आरशासारखा झालाय.

खणखणीत

चिंच! अहो घाटावरचे, बाकीचे दोन रुपये तरी डब्यातच असू द्या.

चांदीवरचा तो काळपटपणा म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाने चांदीवर हळूहळू चढलेला तो थर असतो आणि तो खालच्या धातूला सांभाळतो. चिंचेच्या आम्लाने तो उतरतो, आणि बोटाने घासताना राजाच्या गालावर, केसांवर बारीक ओरखडे उठतात. भिंगातून बघा, एकाच दिशेने गेलेल्या रेघाच रेघा दिसतील. जाणकार माणूस असं नाणं दुरूनच ओळखतो आणि खाली ठेवतो. राख, रांगोळी, लिंबू, टूथपेस्ट, सगळ्यांची तीच गत.

माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, काढून मऊ फडक्यावर टिपा. पुसायचं नाही, टिपायचं. तेवढ्याने निघालं नाही तर राहू द्या.

आणि नाणं धरायचं ते कडेने, अंगठा आणि तर्जनीत, खाली टॉवेल अंथरून. तांब्याच्या नाण्यावर घामाचं बोट उमटलं की काही महिन्यांनी तो ठसा कायमचा दिसतो. माझ्या एका चांगल्या पाव आण्यावर माझाच अंगठा आहे. कॉलेजात असतानाचा.

दोन_आणे_माझे

छप्पराचं जरा थांबवा म्हणावं भावाला. :)

ते रामदरबारवालं नाणंच नाही. ईस्ट इंडिया कंपनीने तसलं काही कधी पाडलं नाही. राम, हनुमान, गणपती, कमळ, स्वस्तिक, जे म्हणाल ते असलेले हे टोकन देवस्थानांबाहेर मिळतात, पितळेचे किंवा तांब्याचे. त्यातल्या कित्येकांवर 'वन आणा' लिहिलेलं असतं. गंमत अशी की एक आण्याचं वेगळं नाणं सरकारने काढलं तेच मुळी सातव्या एडवर्डच्या काळात, तेही कंगोरेदार कडेचं आणि कुप्रोनिकेलचं, म्हणजे तांबं-निकेलच्या मिश्रणाचं. १८१८ सालचा आणा कुठून येणार?

याच टोकनांना 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून विकतात. नाण्याकडे तांदूळ सरकतात, म्हणून ते अवकाश संशोधनवाल्यांना हवंय, कोट्यवधी देतील, फक्त आधी 'चाचणी'चे पैसे भरा. आमच्या तालुक्यात दोघांनी यात जमीन घालवली. तांदळात लोखंडाची पूड मिसळलेली असते आणि 'नाण्या'त चुंबक, बाकी काही नाही.

नगरची_कॅशियर

मी बँकेत एकतीस वर्षं काउंटरवर काढली, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते.

'वैष्णोदेवीचं नाणं लाखाला जातं' हे ऐकून दर आठवड्याला कुणी तरी यायचं. २०१२ची पाच आणि दहा रुपयांची ती नाणी चलनासाठीच पाडलेली होती, लोकांच्या खिशात फिरत होती. लाख कोण देणार? जाहिरातवाला फोनवर 'नोंदणी फी', मग 'कर', मग 'कमिशन' मागत राहतो. २०२१च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला स्वतंत्र पत्रक काढून सांगावं लागलं की आम्ही असले व्यवहार करत नाही, कुणाकडून फी मागत नाही. एवढं सांगूनही लोक येतच राहिले.

आता कामाचं. घाटावरचे, डबा बाजूला ठेवा आणि आधी खिशातली नाणी बघायला शिका. प्रत्येक नाण्यावर सालाच्या खाली बघायचं. हिऱ्यासारखा चौकोनी ठिपका असेल तर मुंबई. चांदणी असेल तर हैदराबाद. गोल ठिपका म्हणजे नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. आपल्या चारही टांकसाळी अशा ओळखायच्या. घरातली सगळी सुटी नाणी ताटात ओता आणि या चार ढिगांत वाटा. माझ्या नातीने सहाव्या वर्षी हे केलं.

हे जमलं की मग मजा वाढते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाण्यांचा इतका तुटवडा होता की सरकारने बाहेरून पाडून आणली. त्यामुळे मेक्सिकोची छोट्या 'ओ'सह 'एम' खूण, स्लोव्हाकियाची 'एम के', मॉस्कोची 'एम एम डी' या खुणा आपल्या एक, दोन, पाच रुपयांवर सापडतात. मॉस्कोत पाडलेला भारताचा पाच रुपया मला एका भाजीवाल्याने सुट्यात दिला होता. वर म्हणतो, 'बाई, चालत नसेल तर बदलून देतो.'

सातव्या_पिढीचा_पुणेकर

कॅशियरताईंशी सहमत. मी शिवराईवाला, म्हणून त्या तांब्याच्या वेड्यावाकड्या नाण्यावर बोलतो.

शिवाजी महाराजांच्या नावाने पाडलेल्या तांब्याच्या पैशाला शिवराई म्हणतात. एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र / पति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. लिहिणाऱ्यागणिक शुद्धलेखन बदलतं. 'शिव', 'सीव', 'पति', 'पती' सगळं सापडतं, त्यावरून खरं-खोटं ठरवू नका. महाराजांनंतरही ही नाणी दीडशे-दोनशे वर्षं निरनिराळ्या ठिकाणी पडत राहिली. पेशवाईतल्या एका प्रकारावर मधे दोन आडव्या रेघा असतात, तिला दुदांडी म्हणतात. म्हणजे शिवराई सापडली की ती महाराजांच्या हातातली, असं घरच्यांना सांगण्याआधी दम धरा.

खोट्यांचा सुळसुळाट भयंकर आहे. अस्सल शिवराईत ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान असायचा, हातोड्याने ठोकायचे, त्यामुळे अक्षरं कुठे तरी कापली जातात, क्वचितच सगळी पूर्ण येतात. वर्तुळाचा अर्धा भाग गायब असतो. सगळी अक्षरं मधोमध, रेखीव आणि पूर्ण असतील तर मला आधी संशय येतो. ओतीव नकलेत पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात आणि कडेला साच्याच्या जोडाची रेघ. मी स्वतः सुरुवातीला एका बाजारात एकाच दिवशी पाच घेतल्या. पाचही 'वेगवेगळ्या शेतात सापडलेल्या'. घरी येऊन शेजारी शेजारी ठेवल्या तर पाचही नाण्यांवर 'जा'च्या कान्याला एकाच जागी एकच टवका. एका साच्याची भावंडं. त्या दिवसापासून मी वर्षभर फक्त बघितलं, घेतलं काही नाही.

मराठ्यांच्या चांदीच्या रुपयांबद्दलही नवखे फसतात. अंकुशी, चांदवडी हे रुपये मराठी मुलखातले, पण त्यावरचा मजकूर फारसी आणि नाव मोगल बादशहाचं. व्यापाऱ्याचा विश्वास त्या नावावर होता, म्हणून पेशव्यांनी ते ठेवलं. कुणी 'हे तर मुसलमानी नाणं' म्हणून मातीमोल विकलेलं मी पाहिलंय.

घाटावरचा

बापरे, एवढं सगळं! फोटो टाकलाय तांब्याच्या नाण्याचा. डावीकडे 'रा' असावा असं वाटतं. आणि रुपये चांदीचेच आहेत हे कसं कळावं? सराफाकडे नेले तर तो घासून बघेल ना?

खणखणीत

कसोटीवर घासू अजिबात देऊ नका. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा घ्या, शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा. आणि सोनाराचं दहापट भिंग. या दोन वस्तूंवर पहिलं वर्ष निघतं, बाकी खरेदी नंतर.

कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेल्या, रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. जुन्या हिशोबातला तोळा याच रुपयावर बेतलेला आहे. व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. वापरून झिजलेला असेल तर एक-दोन दशांश कमी भरेल, पण दहा भरला तर गडबड आहे आणि साडेबारा भरला तरी गडबडच. अधेली त्याच्या निम्मी, पावली पाव.

चांदीचं प्रमाण १९३९पर्यंत बारातले अकरा भाग. म्हणजे एका रुपयात जवळजवळ १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. महायुद्धात चांदी महागली आणि १९४०पासून प्रमाण थेट निम्म्यावर आलं, वजन मात्र तेच ठेवलं. तुमचा १९०७चा एडवर्ड आणि १९१८चा जॉर्ज हे दोघे पूर्ण चांदीचे, १९४४चा निम्म्या चांदीचा. कडेवर बघा. पहिल्या दोघांना साध्या उभ्या रेघा असतील, तिसऱ्याच्या कडेला मधून फिरणारी नक्षीदार खाच असेल. नकला थांबवायला तीही १९४०लाच आली.

१९४७च्या रुपयात तर चांदी उरलीच नाही, निखळ निकेल, मागे वाघ. तो चुंबकाला चिकटतो आणि लोक खोटा म्हणून टाकून देतात. चुंबक वापरा, पण आधी नाण्याचा धातू कोणता असायला हवा ते बघून.

एकारांत_कोकण

राणीछाप रुपयाबद्दल कुणी विचारणार असेल तर आधीच सांगतो, कारण हा प्रश्न येतोच. १८४० लिहिलंय म्हणजे १८४० सालचाच असं नाही. १८४० आणि १८६२ ही सालं टांकसाळीने पुढे कित्येक वर्षं तशीच गोठवून वापरली. १८६२च्या रुपयावर कुठे किती बारीक ठिपके आहेत ते मोजत बसणारे लोक आहेत. मी आहे. बायको म्हणते हा माणूस चष्मा लावून ठिपके मोजतो आणि किराणाचं बिल न मोजता देतो.

'व्हिक्टोरिया क्वीन' असेल तर १८७७च्या आधीचा, 'एम्प्रेस' असेल तर नंतरचा.

ठेवण्याबद्दल: आमच्या कोकणात पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते तिथे तांब्याचं काय होत असेल ते ओळखा. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, दर जूनमध्ये पुड्या बदलायच्या. लाकडी पेटी दिसायला देखणी, पण लाकडातून येणारी वाफ धातूला मानवत नाही. आणि मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकचे स्वस्त अल्बम घेऊ नका. ते पीव्हीसी असतं, काही वर्षांत त्यातून हिरवट चिकट द्रव पाझरतो आणि नाण्याला लागतो. माझी सबंध पावल्यांची ओळ त्यात गेली. पारदर्शक खिडकीच्या पुठ्ठ्याच्या चौकटी मिळतात, नाणं मधे ठेवून चारी बाजूंनी स्टेपल करायचं. त्यावरच पेन्सिलीने साल, टांकसाळ, कुठून आलं ते लिहा. 'कुठून आलं' हे कुणी लिहीत नाही आणि नंतर सगळे पस्तावतात.

मांडवीकाठ

गोव्यातून माझे दोन शब्द. घरात जुनी पोर्तुगीज नाणी असतील तर ती वेगळी काढा, ब्रिटिशांच्या हिशोबात बसणार नाहीत. १८८१-८२चा राजा लुईसचा चांदीचा रुपया वजनाला ब्रिटिश रुपयाएवढाच, आणि पाडला कलकत्त्याच्या टांकसाळीत. शेवटी शेवटी म्हणजे १९५८ला रुपया जाऊन एस्कुदो आला, एका रुपयाचे सहा एस्कुदो. म्हणून नाणीही एक, तीन, सहा एस्कुदोंची. तीन आणि सहाच का, हे पोरांना समजावता समजावता गोव्याचा निम्मा इतिहास सांगून होतो.

शिवाय ही नाणी चार वर्षांचीच, १९६१च्या डिसेंबरात राज्यच गेलं. नवख्याने एक छोटा पूर्ण होणारा गट घ्यावा असं मला वाटतं, त्याला हा चांगला.

बे_एरियातली_सुमी

छान धागा. वाचनखूण साठवली. एक शंका. माझ्या आजीचे चार राणीछाप रुपये सांगलीला आहेत. पुढच्या खेपेला इथे आणले तर चालतील का? आई म्हणते पर्समध्ये टाक, कोण बघतं.

नगरची_कॅशियर

सुमी, नको आणूस. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. राणीछाप सगळे त्यात आले. आजीची आठवण म्हणून आईकडेच राहू देत.

याच्याच जोडीने दुसरं: शेत नांगरताना, पाया खणताना गाडगं सापडलं तर ते आपलं नसतं. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे, ऐवज दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 'शेतात सापडलेली' म्हणून कुणी स्वस्तात देऊ केली तर नाणी खोटी असतात किंवा व्यवहार खोटा असतो.

सातव्या_पिढीचा_पुणेकर

आणि असे साठे फुटले की इतिहासाचं कसं नुकसान होतं त्याचं उलटं उदाहरण नाशिकजवळच आहे. १९०६ साली जोगळटेंभीला क्षत्रप म्हणजे शक राजा नहपानाची चांदीची तेरा हजारांवर नाणी एकत्र सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव सातकर्णीनेच केला, ते त्या एका गाडग्याने दाखवलं. तीच नाणी चार-चार करून सराफांकडे गेली असती तर आटून पैंजण झाले असते.

नाशिकला जाणं झालं तर अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत संग्रहालय आहे, ते बघा. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे. अस्सल नाणं डोळ्यांत बसलं पाहिजे, तरच नकली खटकतं.

घाटावरचे, तुमचा फोटो पाहिला. 'रा'च्या खाली 'शि'ची वेलांटी असावी. पण फोटोवरून मी माझं मत देणार नाही. वजन कळवा, कडेचा फोटो टाका.

दोन_आणे_माझे

अवांतर: भोकाच्या पैशाबद्दल कुणीच बोललं नाही. १९४३ ते ४७, युद्धात धातू वाचवायला मधे भोक पाडलं. आमचे नाना म्हणायचे की भोकाचे पैसे वायसरपेक्षा स्वस्त पडायचे, म्हणून मोटदुरुस्तीवाले तेच वापरत. आमच्या घरी करगोट्यात ओवलेले होते.

आणि १९६८ ते ७१ची पिवळी कमळवाली वीस पैशांची नाणी. आजीने लक्ष्मीपूजनासाठी जमवली होती. 'त्यात सोनं आहे' असं तिला कुणी तरी सांगितलेलं. सोनं-बिनं काही नाही, पण ती शेवटपर्यंत मानली नाही.

गुंतवणूकदार_गण्या

माफ करा, पण इथे सगळे हौशी दिसतात. चांदीचे रुपये चांदीच्या भावात मिळाले तर घेऊन ठेवा, दहा वर्षांनी बघा. भावनेत कशाला अडकायचं?

खणखणीत

चांदीच हवी असेल तर वळं घ्या की. रुपयाला चांदीवर चढा भाव द्यावा लागतो आणि विकायला गेलं की दुकानदार तेवढा काटतो. दुर्मीळ साल, उत्तम अवस्था असेल तर गोष्ट वेगळी, पण ते ओळखायला आधी हौस लागते. १९११चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, पुढच्या वर्षी ठसा बदलला. तो एकाच सालचा प्रकार म्हणून मागणी आहे. पण हत्तीची सोंड कुठपर्यंत आहे हे भिंगातून बघायची ज्याला आवड नाही, त्याला १९१२चाच रुपया साल फिरवून १९११च्या भावात कुणी तरी गळ्यात मारतो.

नगरची_कॅशियर

घाटावरचे, तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: एक छोटा विषय घ्या. हा सुचवते, खर्च जवळपास शून्य. आपल्या मातीतली माणसं असलेली चलनी नाणी. १९९०चा आंबेडकरांचा एक रुपया. १९९९चा ज्ञानेश्वरांचा एक रुपया. त्याच वर्षीचे शिवाजी महाराजांचे दोन रुपये आणि २००२चे तुकारामांचे दोन रुपये, दोन्ही अकरा कोनांचे. २००७चे लोकमान्यांचे पाच रुपये. २०१५चे आंबेडकरांचे दहा रुपये. सहा नाणी झाली. मग प्रत्येकाच्या टांकसाळी शोधायला लागा, वर्ष कसं गेलं कळणार नाही.

दहाचं नाणं दुकानदार घेत नाहीत ही तक्रार माहीत आहे. दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने चालतात असं रिझर्व्ह बँकेने २०१८ला सांगितलं, तरी आमच्याकडे रिक्षावाला मान हलवतो. संग्राहकाला बरंच आहे, लोक स्वतःहून आणून देतात.

घाटावरचा

तीन आठवड्यांनी येतोय. काटा आणि भिंग घेतलं.

१९०७चा (चिंचवाला): ११.४१. रेघा दिसल्या. शरमेने मान खाली गेली.
१९१८चा: ११.५८.
१९४४चा: ११.६३, कडेला खाच आहे. आणि मागच्या बाजूला खाली फुलापाशी एक इवलासा इंग्रजी 'एल' दिसतो. हे काय?

तांब्याचं: १०.२. कडेला जोडाची रेघ नाही. मागे 'छ' आणि अर्धा 'त्र' लागला. भावाला दाखवलं तर तो दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, 'छप्पर राहू दे, हे विकू नको.'

खणखणीत

'एल' म्हणजे लाहोर. युद्धाच्या काळात मुंबई-कलकत्ता कमी पडायला लागल्या म्हणून तिथे टांकसाळ सुरू झाली होती. लाहोरात पाडलेला रुपया वाईच्या माळ्यावर. चौकटीवर 'कुठून आलं' लिहिताना हे लिहाच.

सातव्या_पिढीचा_पुणेकर

१०.२ हे झिजलेल्या शिवराईला शोभणारं वजन आहे. खड्डे नसतील आणि रेघ नसेल तर चिन्हं चांगली. तरी प्रत्यक्ष जाणकाराच्या हातात दिल्याशिवाय नाव लिहू नका. तोवर चौकटीवर 'शिवराई?' असं प्रश्नचिन्हासह.

घाटावरचा

लिहिलं, प्रश्नचिन्हासह. भाऊ सध्या दूधवाल्याच्या गल्ल्यामागे लागलाय. काल तुकाराम घेऊन आला, खाली चांदणी. ज्ञानेश्वर मात्र काही केल्या मिळत नाहीत.

नगरची_कॅशियर

माझ्याकडे ज्ञानेश्वर तीन आहेत, एक तुमचा. लोकमान्य जादा असले तर बदल्यात पाठवा. घासलेले नकोत.